उजवीकडची जागा

माझी मुलगी स्वरूपा पुण्याला असते. मे महिन्याच्या सुट्टीत मला व्हिएतनामला न्यायचं तिनं ठरवलं आणि तिकिटं काढून झाल्यावर मला सांगितलं. ती, जावई कुमार, नात रक्षा आणि मी.

"आई गेल्यापासून तुम्ही वडगावच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही, आप्पा," ती म्हणाली. "निपाणीला आत्याच्या नातवाचं लग्न झालं, त्यालाही गेला नाहीत. आत्या अजून बोलून दाखवते."

ते खरं होतं. का गेलो नाही, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या पुढच्या खोलीत दोन माग आहेत. साड्या विणतो. जयवंता होती तेव्हा ती सुताच्या कांड्या भरायची आणि मी माग बघायचो. ती आत भाकरी थापत असली तरी तिचा कान मागावर असे. "तार तुटली बघा," ती आतून ओरडायची आणि तार खरंच तुटलेली असायची. आता तार तुटली की मला उशिरा कळतं, आणि तोवर कापडात ओळ पडलेली असते. वर्ष झालं तिला जाऊन. सकाळी कांड्या भरताना म्हणाली, जरा दम लागलाय, आणि तिथंच भिंतीला टेकली. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

स्वरूपा आली त्या दिवशी मी माग बंद केला आणि तिच्याजवळ स्वयंपाकघरात बसलो. तिनं लॅपटॉप उघडला. परदेशी जायचं तर प्रवासाचा विमा काढायला हवा, म्हणाली. पासपोर्ट बघून ती माझी माहिती भरत होती. आम्हा दोघांचे पासपोर्ट तिनंच मागे काढून घेतले होते. जयवंताचा अजून कपाटात आहे, कोरा.

"जन्मतारीख एक जून," ती म्हणाली आणि हसली. "आप्पा, तुमची पण एक जून, नागोजीकाकांची पण एक जून."

"अर्धी गल्ली एक जूनची हाय. मास्तरांनी शाळेत नाव घालताना तशी घातली. कंपनीला चालतंय न्हवं?"

"पासपोर्टावर आहे ते चालतं."

मग तिनं तीन पॉलिसी माझ्यासमोर ठेवल्या. एकीत बॅग हरवली तर भरपाई होती. दुसरीत विमान उशिरा सुटलं तर जेवणाचे पैसे होते. तिसरीत दाढ दुखली तरी डॉक्टरचा खर्च होता. ती वाचत होती, मी ऐकत होतो. मागाच्या खोलीत आता आवाज नव्हता, म्हणून तिचा प्रत्येक शब्द नीट ऐकू येत होता.

"आणि माणूसच राहिला तिथं, तर?" मी विचारलं.

"राहिला म्हणजे?"

"म्हणजे मेला."

तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "आप्पा, आपण फिरायला चाललोय."

थोड्या वेळानं तिनं झाकण पुन्हा उघडलं. आधीपासून काही आजार आहे का, असा प्रश्न आला, तिथं तिनं 'नाही' दाबलं.

"मी रोज सकाळी बीपीची गोळी घेतो की गं."

"बीपी कुणाला नाही? 'हो' म्हटलं की कंपनीचे आणखी प्रश्न सुरू होतात. राहू दे. कुमारला एकदा दाखवते आणि पुण्यात गेल्यावर पैसे भरते."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी माग चालू केला, पण माझं लक्ष मागावर नव्हतं.

आमच्या लोकांत जाळत नाहीत, पुरतात. गल्लीच्या मागे आमची जागा आहे. पूर्वी तिथून शेतं दिसायची, आता चारी बाजूंनी घरं आली आहेत आणि जागा दाटली आहे. जयवंताला तिथं ठेवलं तेव्हा मी नागोजीला विचारलं होतं. नागोजी माझ्यासारखाच विणकर, पण त्या जागेचा कारभार पंचांच्या वतीनं तो बघतो. लग्नात ती माझ्या डाव्या हाताला बसली होती, म्हणून तिच्या उजवीकडची जागा माझ्यासाठी धरून ठेव, एवढंच मी म्हणालो.

नागोजीनं पंचांना विचारलं आणि होय म्हणाला. पण जाताना एक गोष्ट बजावून गेला. "मल्लाप्पा, जागा तुझी. पण तू स्वतः यायला पायजेस. राखेला जागा देत न्हाय आम्ही. शामूचं काय झालं तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. शेजारच्या भावकूचा थोरला भाऊ शामू. त्याची बायको आधी गेली होती आणि तिच्या शेजारी त्याची जागा धरलेली होती. शामू गाडी करून लोकांबरोबर काशीला गेला आणि तिथंच वारला. बरोबरच्या लोकांना वाटलं, काशीत मरण आलं, याच्यासारखं पुण्य कोणतं? त्यांनी आनंदानं त्याला घाटावर अग्नी दिला, राख गंगेत सोडली आणि एक लोटा पाणी घेऊन परत आले. भावकू अजून सांगतो, माझा भाऊ पुण्यवान. असेलही. पण शामूची जागा वर्षभरानं दुसऱ्याला दिली. त्याच्या बायकोच्या शेजारी आता खालच्या आळीतला एक म्हातारा आहे, ज्याच्याशी ती जन्मात कधी बोलली नव्हती.

ते मी रोज बघतो. जयवंताकडे जाताना वाटेत तेच लागतं.

म्हणून मी कुठं जात नव्हतो. निपाणी काही काशी नाही, हे मला कळतं. तिथून मला जीपमध्ये घालूनसुद्धा आणलं असतं. पण एकदा मनात बसलं की बसलं. बस स्टँडला जायला निघालो की पाय परत फिरायचे.

मग मी नागेंद्रकडे गेलो. वडगावच्या मेन रोडला त्याचं दुकान आहे. झेरॉक्स काढतो, बसची तिकिटं काढून देतो आणि विम्याचा एजंट आहे. आमच्या मागांचा विमा त्याच्याकडूनच घेतलाय. घरी कानडी बोलतो, आमच्याशी मराठी. मला बघून त्यानं खुर्ची पुसली.

"या अण्णा. परदेशी चाललाय म्हणं! कुठली पॉलिसी दाखवू? सामानाची चांगली एक आलीय."

"सामान जाऊ दे रं. मी मेलो तर मला परत आणायची सोय कशात हाय ते सांग."

दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या दोन बायका होत्या. त्या थांबल्या. नागेंद्रनं आवाज खाली केला.

"अण्णा, असं कोण विचारतं व्हय?"

"मी विचारूलालोय."

त्यानं कागद काढले. बहुतेक पॉलिसींत ती सोय आहे, म्हणाला. मग बोट ठेवून वाचलं आणि मराठीत सांगितलं. विमाधारकाचा परदेशात मृत्यू झाल्यास मृतदेह मायदेशी आणण्याचा किंवा तिथंच अंत्यविधी करण्याचा खर्च कंपनी देईल.

"ह्यातलं 'किंवा' काढता येतंय काय?" मी म्हणालो.

"कसं काढणार? छापलेलं हाय."

"मग कोण ठरवणार, आणायचं का तिथंच?"

नागेंद्रला ते सांगता येईना. त्यानं कंपनीच्या नंबरला फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी हिंदीत बोलू लागली. नागेंद्रनं तिला प्रश्न सांगितला.

"बहुत दुख हुआ सुनकर, सर," ती म्हणाली. "मृत व्यक्ति का नाम बताइए."

"अभी मरा नहीं," मी म्हणालो. "मैं ही हूँ."

"सर, आप लाइन पर रहिए," ती म्हणाली आणि पुन्हा गाणं सुरू झालं. झेरॉक्सवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मलाही हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा आलं असेल.

शेवटी तिच्या वरच्या साहेबानं सांगितलं, ते घरचे लोक ठरवतात. बरोबर असलेल्या जवळच्या माणसानं सांगायचं, आणायचं का तिथंच करायचं. कंपनी दोन्हीला तयार. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. आधीचा आजार लपवला असेल आणि त्याच आजारानं माणूस गेला, तर कंपनी काहीच देणार नाही.

"बीपी?" मी विचारलं.

"बीपी लिहावंच लागतं," नागेंद्र म्हणाला. "लिहिलं की हप्ता थोडा वाढतो, एवढंच. लपवलं तर सगळंच जातंय अण्णा."

मी उठलो. मुलीशी बोलून येतो, म्हणालो. पण कसं बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं.

मी बोलण्याआधीच ती बातमी गल्लीत फिरली. मल्लाप्पानं स्वतःचं मढं आणायचा विमा काढला. कोणी त्यात घातलं, डॉक्टरांनी जवाब दिलाय. दुसऱ्या दिवशी भावकू कारण नसताना येऊन माझ्याकडे बघत बसला. संध्याकाळी एकीनं उकडलेल्या शेंगा पाठवल्या. आणि त्याच्या पुढच्या दिवशी सकाळच्या बसनं निपाणीहून माझी थोरली बहीण मालुबाई आली. हातात पिशवी, डोळ्याला पदर.

"काय सांगितलं रं डॉक्टरनं? खरं सांग मला!"

"काय न्हाय आक्का. मला काय झालेलं न्हाय."

"मग विमा कशाचा? माझ्या नातवाच्या लग्नाला यायला तुला व्हईना आणि मराया मातूर परदेशी जातोस?"

"बस आधी. पाणी पी."

"पाणी नको. निम्म्या वाटेपर्यंत उभं राहून आलोय मी. टॉवेल टाकून जागा धरली होती खिडकीतनं, तर एक बाई तो टॉवेल मांडीवर घेऊन बसली! मी म्हणलो, अगं भवाने, तो टॉवेल काय गोधडी हाय व्हय? त्याचा अर्थ काय होतो तुला कळत न्हाय?"

ती रडत होती आणि भांडत होती, दोन्ही एकदम. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. जयवंताच्या उजवीकडची जागा, नागोजीची अट, शामू, फोनवरची मुलगी. आक्का ऐकता ऐकता रडायची थांबली.

"म्हणून लग्नाला आला न्हाईस?"

"व्हय."

"आणि मी सगळ्या पाव्हण्यांत तुला शिव्या घालत फिरलो की रं." तिनं नाक पुसलं. "हे स्वरूपाला ठाऊक हाय?"

"न्हाय."

"का?"

"तिला कसं सांगू? ती मला फिरायला न्यायलीय. तिला काय सांगू, की मी फिरायला न्हाय, परत कसं यायचं त्याचा इचार करूलालोय?"

आक्कानं माझाच फोन घेतला आणि स्वरूपाला लावला. मी नको म्हणत होतो. पण स्वरूपालाही बातमी लागलेली होती, वडगावातल्या तिच्या मैत्रिणीकडून. फोन उचलल्या उचलल्या तिचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"आत्या, आप्पांना यायचं नसेल तर त्यांनी तसं सांगावं. मरणाची कारणं कशाला पुढं करतात? मी एवढं सगळं कोणासाठी करतेय?"

"हे बघ पोरी," आक्का म्हणाली, "शनिवारी ये. फोनवर सांगायचं न्हवं हे." आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "मी शनिवारपातूर हितंच ऱ्हातो. तुझ्या हातची आमटी मला खायला घालू नकोस."

शनिवारी स्वरूपा आली. रागावलेली होती. चहा घेतला नाही. मी तिला म्हणालो, चल, आईकडे जाऊन येऊ.

ती वर्षापूर्वी आली होती तेव्हा गर्दी होती, तिला काही दिसलं नसणार. नंतर दोन वेळा आली, पण नमस्कार करून लगेच निघायची. फार वेळ थांबवत नाही, म्हणायची. या वेळी मी तिला वाटेत शामूच्या बायकोजवळ थांबवलं आणि तिची गोष्ट सांगितली. मग जयवंताजवळ नेलं आणि तिच्या उजवीकडे हात केला. तिथं गवत वाढलं होतं. कडेला नागोजीनं खुणेसाठी ठेवलेल्या दोन विटा होत्या.

"हे काय?" ती म्हणाली.

"ही माझी."

तिनं विटांकडे पाहिलं. मग खाली बसली, आईच्या डोक्याशी. मी उभाच होतो. पलीकडच्या घरातून कुकरची शिटी ऐकू येत होती.

"मला का नाही सांगितलं?"

"वेळ आली न्हाय."

"वर्ष झालं, आप्पा."

तिनं एक गवताची काडी उपटली, मग दुसरी. मग सगळं गवतच उपटू लागली, आईच्या बाजूचं आणि माझ्या बाजूचंही.

"तुम्ही तो प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं, तुम्हाला आईकडे जायची घाई झालीय," ती म्हणाली. "वर्षभर मला तीच भीती आहे. म्हणून तर तिकिटं काढली. तुम्हाला इथून हलवलं नाही तर तुम्ही इथंच… आणि 'आजार नाही' म्हणून दाबलं, तेही काही पैसे वाचवायला नाही. 'आहे' दाबायला हात गेला नाही."

"मला घाई न्हाय गं," मी म्हणालो. "घाई असती तर विमा कशाला इचारला असता? मला जायचंय तुमच्याबरोबर. रक्षा समुद्रातल्या होडीत बसायचंय म्हणत होती, मलाही बसायचंय. फक्त ही जागा गेली तर मला चालणार न्हाय. तेवढं एक बघितलं की मी मोकळा."

हे मी इतकं सरळ तोपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी आम्ही नागेंद्रच्या दुकानात गेलो. स्वरूपानं एक दिवसाची रजा घेतली होती. आक्का मागे लागून आली. मी नागोजीलाही बोलावून घेतलं, कारण जागा त्याच्या हातात. दुकानात चौघांना खुर्च्या नव्हत्या. आक्का झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसली.

पुण्यात भरायचे पैसे राहूनच गेले होते; स्वरूपानं या वेळी 'हो' दाबलं. पुढचे प्रश्न आले. गोळीचं नाव काय, किती दिवसांपासून, कधी दवाखान्यात राहिलात का. मी सांगत गेलो, ती भरत गेली. हप्ता वाढला.

"आता त्या 'किंवा'चं काय?" नागोजीनं विचारलं. त्याला मी सगळं सांगून ठेवलं होतं.

"ते कागदात बदलत न्हाय," नागेंद्र म्हणाला. "बरोबरच्या माणसानं सांगायचं. म्हणजे ह्यांनी." त्यानं स्वरूपाकडे पाहिलं.

सगळे तिच्याकडे बघू लागले. मी बघितलं नाही, टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिलो. एवढं शोधून मी जो विमा घेत होतो, त्यात नेमकी माझी गोष्ट कंपनीनं माझ्या मुलीवर सोपवली होती. आणि ते तिच्याकडे मागायला माझी जीभ उचलत नव्हती. तिकडे काही झालं तर परक्या देशात, परक्या भाषेत, लहान मुलगी बरोबर असताना तिला हे करावं लागणार. तिथंच उरकणं सोपं. शामूबरोबरचे लोक काही वाईट नव्हते. त्यांनीही सोपं आणि चांगलं तेच केलं.

"बोल की गं," आक्का म्हणाली.

"आत्या, थांब जरा." स्वरूपाचा आवाज बारीक झाला होता. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली. "आणेन आप्पा. काहीही झालं तरी आणेन. पण मला ते करायला लावायचं नाही. गोळी वेळेवर घ्यायची. तिथं मी 'बसा' म्हटलं की बसायचं."

"बसतो," मी म्हणालो.

"असं नुसतं म्हणू नका."

"बसतो गं बाई. नागोजीसमोर सांगतोय."

नागेंद्रनं घसा खाकरला. "अजून एक हाय. कंपनी विमानतळापर्यंत आणते. बेंगळूरपर्यंत. पुढचं तिच्याकडं न्हाय."

बेंगळूर म्हणजे वडगाव नाही.

नागोजी हसला. "एवढंच काय? बेंगळूरपासनं पुढं आमची गल्ली हाय की. जयवंताला आम्हीच न्हेलं न्हवं? तुला बी न्हेऊ. भावकूच्या पोराची गाडी हाय."

"बेंगळूर लांबच ऱ्हायलं, त्या पोराची गाडी कित्तूरपातूर तरी जातीया काय?" आक्का म्हणाली. "मागच्या खेपेला हिरेबागेवाडीत बंद पडली होती. माझा भाऊ वाटंत ताटकळत बसायचा."

"मग दुसरी करू आक्का. तू कशाला काळजी करतीस? तू बी ये बेंगळूरला."

"येतो की. टॉवेल घेऊन येतो, जागा धराया."

नागेंद्र कीबोर्डवर हात ठेवून आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता. "अण्णा, मी इतक्या पॉलिसी केल्या, पण अशी एक बी न्हाय," तो म्हणाला. "भरू का पैसे?"

"एक सांग," मी म्हणालो. "आणि मी जित्ता परत आलो तर?"

"तर पैसे गेले."

"काहीच परत मिळत न्हाय?"

"काहीच न्हाय."

"जाऊ देत," स्वरूपा म्हणाली आणि बटण दाबलं.

"आयतु, झालं," नागेंद्र म्हणाला. प्रिंटर घरघरला. नागोजीनं पहिली प्रत घडी करून स्वतःच्या बंडीत घातली. पंचांना दाखवायला, म्हणाला.

आक्का त्याच दुपारी निपाणीला गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. जाऊन आलो, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की स्टँडवर उभा असताना मला काही वाटलं नव्हतं. खिडकीतून तिनं टॉवेल टाकला होता आणि या वेळी तो कोणी उचलला नव्हता. वर चढून बसल्यावर तिनं मला तोच टॉवेल खिडकीतून परत दिला. "ठेव तुला," म्हणाली. "विमानात लागंल." विमानात जागा छापलेली असते, हे मी तिला सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी माग पुसून ठेवला, कांड्यांची पेटी झाकली आणि जयवंताकडे गेलो. स्वरूपानं उपटलेलं गवत पुन्हा थोडं वर आलं होतं. मी जयवंताला काही फार सांगितलं नाही. सकाळच्या गाडीनं बेंगळूर, तिथून विमान, रक्षाबरोबर होडी, मग परत, एवढंच. मग आक्काचा टॉवेल झटकला आणि जयवंताच्या उजवीकडे पसरला, दोन विटांच्या मध्ये. एका टोकावर दगड ठेवला.

नागोजी फाटकाजवळ उभा होता. कधी आला, मला कळलं नव्हतं.

"वाऱ्यानं जाईल की रं ते," तो म्हणाला.

"एक दगड ठेवलाय."

त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुंपणाजवळचा एक मोठा दगड उचलून आणला आणि दुसऱ्या टोकावर ठेवला.